आधी आजी-आजोबा सुटतात

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, मिल व्हॅली गावातून डोंगर ओलांडून स्टिन्सन बीचवर उतरणारी डिप्सी नावाची शर्यत आहे. १९०५ पासूनची. अंतर १२ किलोमीटरच्या आसपास. वाचून वाटेल, एवढंच? मलाही आधी त्यात विशेष वाटलं नव्हतं. मी पडले त्या नियमाच्या प्रेमात.

इथे सगळे एकदम सुटत नाहीत. वय आणि स्त्री-पुरुष बघून गट पाडतात आणि मिनिटामिनिटाच्या अंतराने सोडतात. सगळ्यांत म्हातारे आणि सगळ्यांत लहान आधी, विशी-तिशीतले तगडे पुरुष शेवटी. पहिल्या आणि शेवटच्या गटात जवळजवळ २५ मिनिटांचा फरक. मग जो आधी पोचेल तो विजेता, संपूर्ण शर्यतीचा. २०१० साली ८ वर्षांची मुलगी जिंकली, २०१२ साली ७२ वर्षांचे हान्स श्मिड. आपल्याकडे ज्येष्ठांचा गट वेगळा असतो, त्यांच्यासाठी टाळ्याही मनापासून वाजतात, पण ती शर्यत बाजूची. इथे त्या आजोबांना कुणी कौतुकाने बघत नाही, सगळे त्यांना गाठायला धावतात. हा मान मला फार मोठा वाटतो.

गाव सोडताच पायऱ्या लागतात. तीन टप्पे, ६५० हून जास्त. धावायचं नाव कुणी काढत नाही, हात मांड्यांवर रेटून सगळे चढतात. सिंहगडावर घाम गाळलेल्या माणसाला इथे परकं वाटत नाही. मग म्युअर वूड्सच्या जंगलाच्या बाजूला उतार, ओढा, आणि पुन्हा चढ. त्यातल्या एका टेकडीचं नावच कार्डियॅक, म्हणजे हृदयाची. तिच्या माथ्यावर पॅसिफिक दिसतो आणि खरी परीक्षा तिथून पुढे, उतारावर. स्टीप रॅव्हाइन म्हणजे रेडवूडच्या उंच झाडांच्या सावलीतली ओली घळ. लाकडी पायऱ्या, बुळबुळीत मुळं, पाऊल ठेवायला वीतभर जागा.

मी धावले तेव्हा माझ्यापुढे सत्तरीच्या एक बाई होत्या, एका गुडघ्याला पट्टा. छोटी छोटी पावलं, टाच कुठेच टेकवत नव्हत्या, नजर तीन पायऱ्या पुढे. मी पन्नाशीतली, त्यांच्यापेक्षा वेगवान, पण त्या घळीत मला त्यांना गाठता येईना. मागून तरुण पोरं "डावीकडून!" ओरडत येत होती. बाई न थांबता उजवीकडे सरकायच्या, वाट द्यायच्या आणि त्याच लयीत पुढे. शेवटच्या चढावर मी त्यांना गाठलं. त्यांनी "जा, जा" म्हणून हात केला.

पुण्यात फोनवर हे सांगितलं, तर पलीकडून पहिलं वाक्य, "गुडघे सांभाळ हो, वय काय आपलं!" काळजी खरी असते, म्हणून उलट बोलता येत नाही. पण राग येतो. आणि इथल्या मैत्रिणींनी "तुमच्याकडे बायका या वयात धावत नाहीत का?" विचारलं, की त्याहून जास्त राग येतो. आळंदीहून पंढरपूरपर्यंत डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या, दिवेघाट चढणाऱ्या आजींना यांनी बघितलंय का? बारामतीत नऊवारीत अनवाणी धावून ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आलेल्या लताताई करे? यांच्या बायकांना तर या शर्यतीत अधिकृतपणे धावायची मुभा १९७१ मध्ये मिळाली. त्याआधी, १९१८ ते १९२२, 'हाइक', म्हणजे पायी सहल, या नावाखाली त्या याच वाटेने गेल्या. तेव्हा आम्हाला शिकवू नये.

तरीही नियमाचं श्रेय देते. लताताईंना वीस मिनिटं आधी सोडलं असतं आणि मागून सगळी बारामती धावली असती, तर काय शर्यत झाली असती!

ऑफिसातला एक तरुण म्हणाला, अशाने खरा वेगवान कोण ते कळत नाही. कळतं की. सगळ्यांत कमी वेळात आलेल्याचाही सन्मान होतो. शिवाय जिंकणाऱ्याची आधी सुटण्याच्या सवलतीतली मिनिटं पुढच्या वर्षी कापली जातात. म्हणजे ही खैरात नव्हे, हिशोब आहे. आणि वय वाढेल तशी माझी मिनिटंही वाढत जाणार, त्यामुळे साठीनंतर थांबायचा माझा विचार नाही. गुडघ्यांची चौकशी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.