त्या दाराशी मी पुन्हा का जाते

“शिंगणापूरच्या वेळी घर डोक्यावर घेतलंस, आणि तिकडे थायलंडात बायकांना आत न घेणाऱ्या देवळापुढे जाऊन उभी राहतेस?” दिवाळीच्या फराळाला हे विचारून झालंय, लग्नाच्या पंगतीत विचारून झालंय, गेल्या महिन्यात तर एका तेराव्यालाही. दरवेळी मी विषय बदलला. आता तुम्ही विचारलंतच, तर लिहूनच टाकते.

आधी एक दुरुस्ती. चियांग माईचं ते देऊळ, वाट चेदी लुआंग, बायकांना बंद नाही. त्या आवारात कुणीही जावं, झाडाखाली तासभर बसावं. बंद आहे ते आवारातलं एक लहानसं विहार. त्यात नगराचा खांब आहे. त्याला इंथाखिन म्हणतात, म्हणजे आपल्याकडचा इंद्रकील. राजा मंगराईने १२९६ मध्ये वसवलेलं हे शहर ब्रह्मदेशाशी झालेल्या लढायांत ओस पडलं होतं. राजा कावीलाने ते पुन्हा वसवलं आणि १८०० मध्ये हा खांब इथे आणला. एकदा उजाड झालेलं गाव आपल्या खांबाला किती जपत असेल, हे मला कळतं. बाहेरच्या पाटीवर बायकांना मनाई होती, आणि कारणही लिहिलेलं होतं: मासिक पाळी. हे मात्र मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही.

मी जाते ती मुळात त्या मोडक्या चेदीसाठी, म्हणजे स्तूपासाठी. विटांचा केवढा तरी डोंगर, आणि वरचं टोकच नाही. १५४५ च्या भूकंपात ते कोसळलं. चबुतऱ्याच्या कडेने हत्तींची रांग आहे. बरेचसे नव्याने सिमेंटमध्ये केलेले, गुळगुळीत. पण दक्षिणेकडे एक जुना उरलाय, विटा उघड्या पडलेला, कान-सोंड झिजलेला. त्या एकाकडे बघत मी अर्धी सकाळ काढू शकते. आणि चेदी पडली त्याच वर्षी या राज्याच्या गादीवर कोण आलं? महाराणी चिराप्रभा. बाईने राज्य केलेलं शहर, आणि त्याच्या खांबाजवळ बाईने जायचं नाही! हे मी कितीदा तरी तावातावाने सांगितलंय. आईलाही सांगितलं होतं.

मी आईला त्यांच्या लॉय क्राथोंगच्या वेळी घेऊन गेले होते, म्हणजे साधारण आपली कार्तिकी पौर्णिमा. केळीच्या खुंटाच्या चकतीवर पानं, फुलं, मेणबत्ती, उदबत्ती लावून पिंग नदीत सोडतात. आईने ते इतकं सराईतपणे सोडलं, की शेजारची बाई तिच्याकडे बघून हसली. गोदावरीत आयुष्यभर दिवे सोडलेले हात ते.

दुसऱ्या दिवशी चेदी लुआंगला गेलो. दादा विहारात गेला. मी आईला पाटी वाचून दाखवली, कारणासकट. तिने ऐकून घेतलं. मग कमळाच्या कळ्या, मेणबत्ती, उदबत्ती घेतली. आत जायचं नव्हतं तरी चपला काढल्या, आणि पायरीखालच्या तापलेल्या फरशीवर उभं राहून हात जोडले. तिच्या डाव्या टाचेला भेग होती आणि त्यात मलम भरलेलं होतं, एवढंही मला आठवतं. मी मोठ्याने म्हटलं, “तुम्ही बायका असे हात जोडता ना, म्हणूनच हे सगळं चालतं.” आजूबाजूच्यांना मराठी कळत नव्हतं. आईला कळत होतं.

दादा बाहेर येऊन आतली चित्रं किती सुंदर आहेत ते सांगायला लागला. आई त्याच्याशी बोलली, माझ्याशी नाही. दुपारी खाओ सोईचा वाडगा पुढे आला, तिने त्यातल्या वरच्या तळलेल्या शेवया बाजूला काढल्या आणि म्हणाली, “चार दिवस मागच्या ओसरीत गोणपाटावर मी बसलेय. तू नाहीस बसलेली. हात कशाला जोडले ते आधी विचारायचं होतंस.”

मी तेव्हाही विचारलं नाही. रागात होते. परत आल्यावर विचारू म्हटलं, मग राहिलंच. दोन वर्षांनी आई गेली.

तर, शिंगणापुराबद्दल. २०१६ च्या गुढीपाडव्याला चौथरा बायकांना खुला झाला तेव्हा मी टीव्हीपुढे रडले होते, आणि त्यातला एक अश्रूही परत घेणार नाही. पाटी चुकीची आहे, मराठीत असो वा थाईमध्ये. चांदीचं देऊळ म्हणतात त्या वाट श्री सुफानच्या मुख्य मंडपातही बायकांना जाता येत नाही. बाहेरच्या भिंतीवरचं ठोकीव नक्षीकाम बघत मी तिथेही चरफडले आहे. “त्यांची श्रद्धा, आपल्याला काय” असं मी म्हणणार नाही. हेच वाक्य शिंगणापुराबद्दल ऐकून मी जेवणाच्या ताटावरून उठले होते.

पण तेव्हा चौथऱ्याची वाट अडवायला गावातल्या बायकाही उभ्या होत्या, आणि त्यांना मी सरळ अडाणी म्हटलं होतं. तो शब्द आता तोंडातून निघत नाही. त्या बरोबर होत्या असं मला अजूनही वाटत नाही. फक्त त्यांच्यापैकी एकीलाही मी काही विचारलं नव्हतं.

त्यानंतर दोनदा तिथे जाऊन आले. हत्ती बघते, मग त्या विहारापाशी येते. चपला काढते. हात जोडत नाही, ते होत नाही माझ्याकडून. मागच्या खेपेला शेजारी एक म्हातारी थाई बाई डोळे मिटून उभी होती. तिला विचारावंसं फार वाटलं. मला थाई येत नाही, आणि तिच्याकडून मिळालं असतं ते तिचं उत्तर, आईचं नाही. फरशी तापली होती. तिचं होईपर्यंत थांबले.