पॅच जुळला, तरी फोटो सॉफ्ट का?

रेंजफाइंडर म्हणजे दोन प्रतिमा जुळवून हाताने फोकस करायचा कॅमेरा. डिजिटल रेंजफाइंडर म्हटलं की आज लायकाची एम मालिकाच डोळ्यांपुढे येते. सुरुवात मात्र एप्सनने केली, २००४ च्या आर-डी१ ने. लायकाचा एम८ २००६ चा, फुल फ्रेम एम९ २००९ चा. आजच्या एम११ मध्ये ६० मेगापिक्सेलचा सेन्सर आहे, पण फोकसची यंत्रणा १९५४ च्या एम३ चीच: दोन खिडक्या, त्यांतून मधल्या छोट्या चौकोनात (म्हणजे पॅचमध्ये) एकमेकींवर येणाऱ्या दोन प्रतिमा आणि लेन्सच्या मागच्या कॅमवर (फोकससोबत सरकणाऱ्या कडेवर) टेकलेलं एक इवलंसं चाक. या कॅमेऱ्याचं कौतुक आणि त्याची रड, दोन्ही तिथूनच निघतात.

व्ह्यूफाइंडर म्हणजे साधी काच. ३५ किंवा ५० एमएमची लेन्स असेल तर फ्रेमलाइनच्या (फोटोत येणाऱ्या भागाच्या चौकटीच्या) बाहेरचंही दिसत राहतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात इतवारी-महालच्या गर्दीतून मारबत जाते, तेव्हा चौकटीत कोण शिरणार ते आधीच कळतं आणि शटर दाबतानाही समोर अंधार होत नाही. अशा गर्दीत पॅच जुळवत बसू नये. ३५ एमएम, एफ/८, अंतर ३ मीटर लावून ठेवावं. लेन्सवरच्या खुणांप्रमाणे साधारण १.९ ते ७.३ मीटरपर्यंत सगळं शार्प. पण हा हिशोब फिल्मच्या जमान्यातला. ६० मेगापिक्सेलची फाइल शंभर टक्क्यांवर उघडून बघणार असाल तर एफ/८ ला एफ/४ च्या खुणा वाचा, म्हणजे पट्टा २.३ ते ४.२ मीटर एवढाच उरतो. नव्या बॉडीवर 'लेन्स खराब आहे' अशी ओरड होते, त्यातली बरीचशी इथली असते.

आता मूळ दुखणं. खिडकीतून सगळंच शार्प दिसतं. लेन्स काय करते आहे हे तिला ठाऊकच नसतं. (टोपण काढायचं राहिलं तरी चित्र छान दिसतं!) ५० एमएम, एफ/१.४, अंतर १ मीटर: शार्प पट्टा जेमतेम सव्वातीन सेंटिमीटरचा. पॅच मधोमध असल्याने डोळ्यावर फोकस करून आपण कॅमेरा वळवतो. नुसता १५ अंश वळवला तरी फोकस डोळ्यामागे साडेतीन सेंटिमीटर सरकतो. म्हणून चौकट लावून झाल्यावर तेवढंच मागे झुकायचं, किंवा एफ/२.८ लावून मोकळं व्हायचं. झाइसच्या ५० एमएम एफ/१.५ सी सोनारसारख्या लेन्समध्ये ॲपर्चर बंद करताना फोकस स्वतःहून मागे सरकतो, ती भानगड आणखी वेगळी.

पॅच जुळूनही फोटो चुकत असेल तर अंदाज बांधण्याआधी तपासा. लेन्स इन्फिनिटीला (अनंत अंतराच्या खुणेला) टेकवून किलोमीटरभर लांबचा टॉवर बघा. दोन प्रतिमा एक झाल्या पाहिजेत. आडवा फरक म्हणजे फोकस चुकणार. उभा फरक फोटो बिघडवत नाही, पण पॅच जुळवताना डोळा दमवतो. मग ट्रायपॉड, पूर्ण उघडं ॲपर्चर आणि १ मीटरवर ४५ अंशात तिरका ठेवलेला छापील कागद. दर वेळी लेन्स इन्फिनिटीला नेऊन नव्याने फोकस करत पाच फोटो काढा. दुसऱ्या लेन्सनेही तसंच करा. दोन्ही एकाच बाजूला चुकल्या तर दोष बॉडीचा, एकच चुकली तर त्या लेन्सच्या कॅमचा. चाकाच्या दांड्यावरचा स्क्रू घरी फिरवायचा मोह आवरा; इन्फिनिटी जुळते आणि जवळचं बिघडतं. गाडीच्या डिक्कीतून खड्ड्यांवर आदळत नेलेल्या बॉडीत हा फरक लवकर येतो.

नागपूरच्या उन्हाचं गणित निराळं. भर दुपारी आयएसओ ६४ आणि एफ/१.४ ला साधारण १/८००० चा वेग लागतो. एम११ चं यांत्रिक शटर १/४००० ला थांबतं. त्याचं इलेक्ट्रॉनिक शटर १/१६००० पर्यंत जातं, पण धावत्या ऑटोची चाकं तिरकी येतात. तीन स्टॉपचा एनडी (प्रकाश आठपट कमी करणारा फिल्टर) बॅगेत ठेवा, झालं. आणखी एक: मे महिन्यात खोलीत कूलर चालू असतो, म्हणजे पावसाळ्याइतकीच ओल. लेन्स तिथल्या उघड्या शेल्फवर ठेवू नका. बंद डबा, सिलिका जेल आणि ४० ते ५० टक्के दाखवणारा छोटा हायग्रोमीटर पुरतो.

९० एमएमच्या पुढे, खेळ, पक्षी, मॅक्रो यांसाठी हा कॅमेरा नाहीच. ऑटोफोकस नाही, बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, पॅच जुळवून जवळात जवळ जाता येतं ते ०.७ मीटरपर्यंत. एवढ्या पैशात हे पटत नसेल तर तुमचं काही चुकत नाही. पटत असेल तर पैसे बॉडीत सगळे ओतू नका. फोग्टलेंडरची ३५ एमएम लावूनही काम उत्तम होतं.

सेकंडहँड घेताना एम९ असेल तर एफ/१६ ला मोकळ्या आभाळाचा फोटो काढून मोठा करून बघा. धूळ ब्लोअरने उडते. कडेला वलय असलेले ठिपके उडाले नाहीत तर सेन्सरची काच गंजली आहे, सेन्सर बदलल्याचा कागद मागा. एम८ असेल तर यूव्ही-आयआर फिल्टर (अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा) सोबत घ्या, नाहीतर हायकोर्टासमोरचे वकिलांचे काळे कोट जांभळे येतील.