दुसऱ्या बोटाची रेष

तीन-चार वर्षांच्या मुलाला व्हायोलिन शिकवायचं म्हणजे दोघांना शिकवायचं असतं. मूल माझ्याकडे आठवड्यातून एकदा, अर्धा तास. बाकीचे सहा दिवस ते सरावाला बसणाऱ्या पालकाच्या ताब्यात. म्हणून मी आधी पालकाच्या हातात व्हायोलिन देते. लहान मुलांना व्हायोलिन शिकवायची पद्धत घडवणारे जपानी शिक्षक शिनिची सुझुकी हेच करायचे: आईने एक गाणं शिकायचं, मुलाने नुसतं बघायचं, आणि बघून बघून ते हट्टाला पेटलं की मग त्याच्या हातात द्यायचं. सूर बरेच पुढे येतात. सुरुवातीचे कित्येक तास कागदावर आखलेल्या पावलांवर उभं राहणं आणि बो (वाजवायचा गज) धरणं यातच जातात. अंगठा फ्रॉगच्या, म्हणजे बोच्या धरायच्या टोकाच्या, बाहेरून, करंगळी वाकवून काठीवर. करंगळी सरळ झाली की खांद्यापर्यंत हात ताठरला समजा.

ज्या आईबद्दल लिहितेय तिने पहिल्या भेटीतच सांगून टाकलं, "मला यंत्र लावून समोरच्याचं बोलणं कळतं, ओठ बघून बाकीचं जुळवते. गाण्यातलं मात्र काही कळत नाही. नवरा महिन्यातले बरेच दिवस बाहेर असतो. सराव मीच घेणार. चालेल का?"

मुलगी साडेचार वर्षांची. आईच्या मागे उभी राहून माझ्या बोच्या पेटीकडे टक लावून बघत होती.

माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका सरांचं म्हणणं, नाही सांगा. सराव घेणाऱ्याला बेसूर कळत नसेल तर आठवडाभर चूकच घोटली जाणार आणि अर्ध्या तासात ती आपण पुसत बसणार. त्यात तथ्य होतं. पण ठणठणीत कानांचे पालक काय दिवे लावतात ते मी रोज बघते. तासाला मोबाईल चाळत बसतात, शेवटच्या दोन मिनिटांचा व्हिडिओ काढतात, तो नातेवाइकांना पाठवतात आणि "हे गाणं कधी पूर्ण होणार?" विचारतात. शिवाय सुझुकींच्या सगळ्या पद्धतीचं मूळ मातृभाषेत आहे. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला एक वडील आपल्या चार वर्षांच्या मुलाला, तोशिया एतोला, त्यांच्याकडे घेऊन आले. इतक्या लहानाला शिकवायचं कसं या विचारात असताना त्यांच्या लक्षात आलं की जपानची सगळी मुलं जपानी बोलतात, तीही अस्खलित. मी सरांना एवढंच म्हटलं, "ही मुलगी बोलायला शिकलीच ना?" सर म्हणाले, "बोलणं वेगळं, सी शार्प वेगळा." सी शार्प म्हणजे ए तारेवरच्या दुसऱ्या बोटाचा सूर.

आई तयारीची निघाली. स्वतः वाजवताना ती डाव्या कानातलं यंत्र काढून ठेवायची, कारण व्हायोलिन जवळ आलं की ते शिट्टी मारायचं. मग जबडा चिनरेस्टवर, म्हणजे हनुवटीच्या टेकूवर, घट्ट टेकवायची. तार नीट बोलली की हाडातून कळतं, म्हणायची, आणि बो घसरला की कळणं थांबतं. बो ब्रिजला (तारा उचलून धरणाऱ्या घोडीला) समांतर चाललाय की नाही हे तिच्याइतकं बारकाईने बघणारा पालक माझ्याकडे दुसरा नाही. मुलीचा उजवा हात आज वर्गात सगळ्यात सुंदर आहे तो त्यामुळे.

सुराचं काय करायचं, यावर मी एक उपाय काढला, आणि त्याचा मला अजूनही अभिमान वाटतो. व्हायोलिनच्या चार तारा: जी, डी, ए, ई. ए तारेवर तिसरं बोट ठेवलं की डी हा सूर वाजतो. तो सुरात असेल तर शेजारची मोकळी डी तार, कोणी हात न लावता, थरथरते. सतारीच्या तरफेच्या तारांचं जे तत्त्व तेच. डी तार खालच्या सप्तकातली, म्हणून ती मधोमध दुभागून थरथरते. डोळा जवळ नेला तर कडा धूसर झालेली दिसते, नाहीतर नखाचं टोक हलकेच लावलं की गुदगुल्या होतात. ई तारेवरच्या तिसऱ्या बोटाला ए तार तशीच साथ देते. बोट जरासं सरकलं की थरथर गायब. आईने हे ऐकून माझ्या टेबलावरचा टॉर्च उचलला आणि तारेवर तिरका धरला. पुढे त्या दोघी घरी "तार जागी कर" असा खेळच खेळायच्या.

पण पहिल्या बोटाच्या बीला आणि दुसऱ्या बोटाच्या सी शार्पला अशी साथ देणारी मोकळी तार नाही. तिथे फिंगरबोर्डवर, म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीवर, चिकटवलेल्या टेपच्या रेषा, आणि घरी रोज लावायची रेकॉर्डिंग. सुझुकींच्या वडिलांचा व्हायोलिनचा कारखाना होता, तरी वाद्य शिकावंसं वाटलं ते मिशा एल्मन या व्हायोलिनवादकाची रेकॉर्ड ऐकल्यावर, त्यामुळे ऐकण्याला या पद्धतीत धार्मिक विधीसारखं महत्त्व आहे. ऐकू येणारे पालक या विधीला कंटाळतात. ही बाई स्पीकरवर हात ठेवून चालू आहे ना याची खात्री करून रोज लावायची.

तर त्या दिवशी. मुलगी पहिलं गाणं वाजवत होती. त्यात सूर वरून पायरीपायरीने खाली येतात: डी, सी शार्प, बी, ए. डी घुमला. सी शार्प पडला. बी पुन्हा जागेवर. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच, आणि प्रत्येक वेळी तेवढाच खाली. लहान मुलांच्या चुकीला इतकी शिस्त नसते. ती चुकली की कधी वर, कधी खाली. मी व्हायोलिन खाली ठेवायला लावून तीच ओळ गायला सांगितली. गायली, सी शार्प अगदी चोख.

मग मी बोटं बघितली. ए मेजरमध्ये, म्हणजे या गाण्याच्या स्वरमालेत, दुसरं आणि तिसरं बोट चिकटून बसतात, मी ते पहिल्यापासून शिकवते. त्या दिवशी दोन्हींमध्ये फट होती. आणि दुसऱ्या बोटाखालची टेप नवी होती, वेगळ्या रंगाची.

"जुनी निघाली," आई म्हणाली. "डिंकाचा डाग राहिला होता, त्यावर लावली."

डाग रुंद होता आणि टेप त्याच्या स्क्रोलकडच्या (वाद्याच्या डोक्याकडच्या) कडेला बसली होती, योग्य जागेपासून तीनेक मिलिमीटर दूर. म्हणून सूर खाली. मोठ्या व्हायोलिनवर त्या जागी तीन मिलिमीटर म्हणजे अर्ध्या स्वराचा जेमतेम पाचवा हिस्सा. तिच्या 1/10 मापाच्या, लहान मुलांच्या वाद्यावर तो तिसऱ्या हिश्शाच्या आसपास जातो.

मी मुलीपुढे गुडघ्यांवर बसले. "हा सूर तुला बरोबर वाटला?"

तिने मान हलवली. नाही.

"मग बोट इथे का ठेवलंस?"

"आईने रेष लावलीये ना."

तिची पाठ आईकडे होती. आईला ओठ दिसले नाहीत. "काय म्हणाली?" तिने विचारलं. मी तिच्याकडे तोंड करून जसंच्या तसं सांगितलं. तिने मुलीकडे बघितलं, मग टेपकडे, आणि म्हणाली, "टीचर, सगळ्या रेषा काढून टाका."

मी काढल्या नाहीत. दुसऱ्या बोटासाठी आईकडे तेवढीच एक खूण होती. टेप योग्य जागी लावली, आणि दोन बोटं चिकटलेली आहेत की नाही हे मागून बघायला शिकवलं.

पुढच्या आठवड्यांत वेगळंच सुरू झालं. मुलगी आता टेपकडे बघत नाही. बोट ठेवते, ऐकते, किंचित पुढे-मागे लोळवते आणि थांबते. मला हवं होतं ते हेच, कित्येक मुलं आठव्या वर्षीही हे करत नाहीत. पण आईला काय दिसतं? अस्थिर बोट. ती मुलीला थांबवते, "नीट ठेव", आणि मुलगी बोट ताठ करून रेषेवर दाबते. शोधणारं बोट आणि बेफिकीर बोट हातांकडे बघून वेगळं ओळखता येतं का? मला येतं, पण मी आधी ऐकते आणि मग बघते.

सर म्हणाले, "मी सांगितलं होतं." सरांना असं म्हणायला आवडतं. मला मात्र यात ऐकू न येण्याचा भाग थोडाच वाटतो. ऐकू येणाऱ्या पालकांची मुलंही स्वतःचा कान बंद करून समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत वाजवतात. तिथे वेगळ्या रंगाची टेप नसते, एवढंच.

सध्या आईला सांगितलंय: उभं राहणं, बो आणि थरथरणारी तार तुमच्याकडे, दुसरं बोट तिच्याकडे. आई कबूल झाली. पण एवढ्या लहान पोरीला घरात सुराबद्दल आईच्या वरचा शब्द द्यायचा, हे मला पुरतं पटलेलं नाही. आणि सुझुकींच्या पहिल्या पुस्तकात पुढे 'जी मेजर' या दुसऱ्या स्वरमालेतली गाणी येतात. तिथे ए तारेवर सी नॅचरल (सी शार्पहून अर्धा स्वर खालचा) लागतो, म्हणजे दुसरं बोट तिसऱ्याला सोडून मागे पहिल्याला चिकटतं. त्या सुरालाही साथ देणारी मोकळी तार नाही, आणि आत्ता जिथे टेप बरोबर बसली आहे तिथे बोट ठेवलं तर तो चुकणार. तिथे दुसऱ्या रंगाची आणखी एक टेप लावायची की त्याआधी सगळ्याच काढायच्या, हे मी या वेळी आईला एकटीला विचारणार नाही. मुलीलाही समोर बसवणार आहे, तोंड आईकडे करून.