तुकडा कमी करा म्हणजे नेमकं किती?

वेंगुर्ल्याजवळ आमचं छोटं काजू युनिट आहे, बी फोडायला आणि सोलायला मिळून १४ बायका, बॉयलर आणि ड्रायरवर दोघेजण. दरवर्षी बी खरेदी सुरू झाली की मी सगळ्यांना जमवून एकच सांगायचो, यंदा तुकडा कमी यायला पाहिजे हां. सगळे हो म्हणायचे आणि तुकडा तेवढाच यायचा.

काजूत पैसा अख्ख्या गराला. डब्ल्यू ३२० ही अख्ख्या गराची प्रत, म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर, तोच गर फुटून पाकळी झाली की भाव उतरतो, तुकडा झाला की अजून खाली, चव मात्र तीच.

गेल्या वर्षी पहिल्यांदा कागद घेऊन बसलो. व्यवस्थापन सल्लागार जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये स्मार्ट गोल्स मांडले, त्यात ध्येय नेमकं हवं, मोजता यावं, कोण करणार आणि कधीपर्यंत हेही ठरलेलं हवं, असं आहे. तसं लिहायला घेतलं, गणपतीपर्यंत १०० किलो गरामागे फुटका माल २० किलोच्या आत. पण "कोण करणार" इथे पेन अडलं. फोडणाऱ्या बायका असं लिहिणार होतो, आणि त्यांची मजुरी तर किलोवर, गर अख्खा असो नाहीतर फुटका! म्हणजे तोंडाने अख्खा गर मागत होतो आणि पैसे देत होतो वेगाचे.

वाचून दाखवलं तेव्हा आमच्या सगळ्यात जुन्या काकी म्हणाल्या, "दादा, तुमका गर जास्ती होयो की अख्खो होयो, ता आधी सांगा." इतकी वर्षं मी हे विचारलंच नव्हतं, याचं मला खरंच वाईट वाटलं.

मग अख्ख्या गराला वेगळा दर लावला. दुसरी ओळ माझ्या स्वतःच्या नावावर लिहिली, वाफवलेली बी रात्रभर गार झाल्याशिवाय फोडायला द्यायची नाही, कारण ऑर्डरची घाई असली की दुपारीच फोडायला लावणारा मीच, आणि नीट गार न झालेल्या बीत गर फुटतो तो बायकांच्या हातून फुटल्यासारखा दिसतो.

गणपतीपर्यंत २३ किलोवर आलो, २० नाही झालं. पावसात ड्रायरचं गणित चुकलं, गर जास्त सुकला की सोलताना मोडतो. यंदाच्या कागदावर आकडा २० च ठेवलाय, ड्रायरची ओळ नवीन आहे आणि ती ड्रायरवाल्या दादांनी स्वतःच्या हाताने लिहिलीय.