शिडाची जुनी होडी घेताना

डागडुजी केलेली शिडाची होडी घ्यायची, तर ती पावसाळ्यात, किनाऱ्यावर चढवलेली असतानाच पाहावी, असे एका जुन्या तांडेलाने मला बजावले होते. कारण गेटवेसमोर पाण्यात डुलणाऱ्या होडीचा तळ दिसत नाही. फायबरच्या त्या तळावर आम्ही लाकडी हातोडीने वीतवीतभर अंतरावर ठोकत गेलो. सुकाणूजवळ आवाज बद्द आला, म्हणजे आतले थर सुटले होते, आणि त्यावर किंमत बरीच उतरवून घेता आली. शिडे जुनी असली तरी तूर्त चालतात. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारांवरून मात्र फडके फिरवावे, ते कुठे अडकले तर तंतू तुटलेला असतो आणि अख्खी तार बदलावी लागते. विक्रेत्याने गाद्यांचे नवे कापड फार कौतुकाने दाखवले. नोंदणीचे कागद दाखवताना तेवढा उत्साह नव्हता.