तळं हिरवं झालं म्हणून सगळं पाणी उपसू नका

मार्च-एप्रिल आला की ओळखीतल्या कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, परसातलं तळं हिरवंगार झालंय, मासे दिसेनासे झालेत, सगळं पाणी काढून घासून टाकू का? नका हो, अजिबात नका. माशांची घाण पचवणारे बॅक्टेरिया दगडांवर, भिंतींवर, तळाच्या खडीत बसलेले असतात, घासलं की तेही जातात आणि नवीन पाण्यावर कडक ऊन पडलं की थोड्याच दिवसांत तळं पुन्हा हिरवं.

आधी काचेच्या ग्लासात तळ्याचं पाणी घेऊन तासभर ठेवा. माती असेल तर बरीचशी खाली बसते, पण पाणी सगळीकडे सारखं हिरवट राहिलं तर ते तरंगणारं बारीक शेवाळ. दुसरं ते केसांसारखं, दगडांना धरून लांबच लांब वाढणारं, त्यात खराट्याची काडी घालून गोल फिरवली की गुंडाळून येतं, ते कंपोस्टमध्ये टाकायचं म्हणजे त्यानं शोषलेलं खतही पाण्याबाहेर गेलं. यूव्ही लाईटचा फिल्टर (यात तळ्याचं पाणी लाईटसमोरून फिरवलं जातं) पहिल्यावर मस्त चालतो, दुसऱ्याला काही होत नाही कारण ते दगडाला चिकटलेलं असतं, लाईटपर्यंत जातच नाही, त्यामुळे पैसे घालायच्या आधी आपलं शेवाळ कुठलं ते बघा.

पण मुळात शेवाळाला ऊन आणि खाऊ मिळतोय म्हणून ते वाढतंय, आणि खाऊ आपणच देतो. मुलं कुरमुरे टाकतात, पाहुणे बिस्किटं टाकतात, मासे खात नाहीत ते सगळं तळाशी कुजतं. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच घाला. वॉटर लिली लावा, निम्म्याहून जास्त पाणी पानांनी झाकलं की फरक दिसतोच, फक्त कुंडीत शेणखत नको, नुसती चिकणमाती आणि वरून वाळूचा थर. आणि सावलीसाठी कृपा करून जलपर्णी आणू नका, मुळा-मुठेची आणि पंचगंगेची तिनं काय अवस्था केलीय ते आपण बघतोच.

मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका असं कोणीतरी हमखास सुचवतं. मला ते बिलकुल पटत नाही, प्रमाण जरा चुकलं की गोगलगायी आणि मासे दोन्ही जातात, शिवाय एकदम मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि मग पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडत बसतात. असं दिसलं तर लगेच कारंजं किंवा एअर पंप चालू करा. पाणी बदलायचंच तर एका वेळी पाव भाग बदला, नळाचं पाणी असेल तर क्लोरीन घालवूनच, आणि काढलेलं पाणी झाडांना घाला, गुलाब खूश होतात.

आता जूनच्या आधी एवढं कराच, तळ्याची कड चार बोटं तरी उंच करून घ्या, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात वाफ्यांतलं खत वाहत थेट आत येतं.