आयोनाचा नियम: प्रार्थनेपेक्षा हिशेब अवघड

जॉर्ज मॅक्लाउड यांनी १९३८ साली स्कॉटलंडमध्ये सुरू केलेल्या आयोना कम्युनिटी या ख्रिस्ती समुदायात कॅथलिक, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन असे सगळ्याच पंथांचे लोक असतात. मठात राहायचं नाही, आपलं चर्च सोडायचं नाही, नोकरी-संसार चालूच. सदस्यत्वाआधी साधारण दोन वर्षांची तयारी मात्र हवी.

सदस्यांनी पाळायच्या नियमातली रोजची प्रार्थना आणि बायबलवाचन बहुतेकांना जमतं. गाडी अडते पैशापाशी. आपल्या छोट्या गटासमोर वेळेचा आणि मिळकतीचा हिशेब मांडावा लागतो. आवश्यक खर्च वजा करून उरलेल्यातला दशांश द्यायचा असतो. ‘आवश्यक’ काय, हे आधी गटाशी बोलून ठरवा. एकट्यानं ठरवलं की ती यादी वाढतच जाते. माझ्या मते या नियमाचा खरा कस इथेच लागतो.